घरातले म्हातारपण आणि कानाचे यंत्र

स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहा" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आपल्या गावचाच इतिहास असावा. विंचूर म्हटले की पानिपतावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव, त्यांची जहागीर, आणि पुण्यातील तो विंचूरकर वाडा, जेथे लोकमान्य टिळकांचे वास्तव्य होते, हे सारे ओघानेच येते. पण त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि माझ्यापेक्षा खचितच चांगले लिहिले आहे. मी एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे कानाचे यंत्र. आमच्या घरच्या फडताळात हळदीकुंकवाच्या तबकामागे अशी एक पेटी बरीच वर्षे पडून होती. तिच्यामुळेच मी या विषयाकडे वळले.

आपल्याकडे आंधळ्याची लोकांना दया येते आणि बहिऱ्याचे हसू येते. हे आजचे नव्हे. एकनाथमहाराजांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका अशी सोंगे येतात. नाथांनी त्यांतून परमार्थ सांगितला हे खरे, परंतु सोंग पाहावयास बसलेली मंडळी आधी हसत असणार, यात मला शंका नाही. वैद्यांनी मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत बाधिर्य आहे आणि त्यावर बेलाचे सिद्ध तेल कानात घालण्याचा उपचारही आहे. आपल्या घरी लसूण टाकून कढवलेले तेल कानात सोडण्याची चाल त्याच परंपरेतली म्हणावयाची. येथेच एक सांगून ठेवते. वयामुळे आलेला बहिरेपणा कानाच्या आतल्या अतिसूक्ष्म केसपेशी झिजल्यामुळे येतो. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे तेलाने तो बहिरेपणा जात नाही. पडद्याला भोक असेल तर उलट अपाय होतो.

यंत्राची सुरुवात अगदी साध्या वस्तूपासून झाली. ती वस्तू म्हणजे कर्णा. देवळातला कर्णा आवाज बाहेर पसरवितो. तोच उलटा धरून अरुंद टोक कानाला लावले की बाहेरचा आवाज गोळा होऊन आत येतो. युरोपात सतराव्या शतकापासून असे कर्णे वापरात होते. बेथोव्हेन हा थोर संगीतकार ऐन उमेदीत बहिरा झाला, त्याच्यासाठी मेल्झेल नावाच्या कारागिराने १८१२ च्या सुमारास कर्णे बनविले होते. पुढे तेही पुरेनात, तेव्हा १८१८ पासून भेटीला येणारे लोक वहीत लिहून त्याच्याशी बोलू लागले. लंडनमध्ये फ्रेडरिक रेन याने १८०० साली कर्ण्यांचा धंदाच सुरू केला. त्याच्या हातची सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याच्यासाठी १८१९ साली केलेले सिंहासन. गोवा तेव्हा याच राजाच्या अमलाखाली होते. राजाला ऐकू कमी येई. सिंहासनाच्या दोन्ही हातांना कोरीव सिंहांची उघडी तोंडे होती. भेटीस आलेल्याने गुडघे टेकून त्या तोंडात बोलावयाचे आणि आतल्या नळीतून ते शब्द राजाच्या कानापर्यंत जावयाचे. म्हणजे राजा बहिरा आहे असे कोणास न दिसता उलट प्रजेनेच वाकावयाचे! बहिरेपण लपविण्याची ही युक्ती मला फार बोलकी वाटते. चष्मा लागला तर आपण त्याला विद्वत्तेचे लक्षण मानतो, आणि कानाला यंत्र लागले की पदराखाली झाकतो.

विजेचे यंत्र आले ते टेलिफोनच्या वाटेने. टेलिफोनचा पेटंट १८७६ साली घेणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची आई बहिरी होती आणि पत्नीही बहिरी होती. अमेरिकेतील मिलर रीझ हचिसन याने १८९८ च्या सुमारास टेलिफोनच्याच तत्त्वावर विजेचे श्रवणयंत्र केले. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिने ते वापरले असे सांगतात. १९२० नंतर रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांची यंत्रे निघाली. त्यांचा आवाज चांगला असे, पण बॅटऱ्या जड. १९४० च्या आगेमागे ती यंत्रे अंगावर वागविण्याजोगी झाली, तरी बॅटरीचा डबा वेगळा बाळगावा लागे आणि बायका तो कपड्यांच्या आत बांधीत.

खरी क्रांती केली ती ट्रान्झिस्टरने. आपण ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ समजतो. वास्तविक १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागल्यावर तो सामान्य लोकांच्या हाती प्रथम आला तो रेडिओतून नव्हे, तर १९५२-५३ साली कानाच्या यंत्रातून. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ साली आला. बेल यांनी बहिऱ्यांसाठी आयुष्य वेचले होते, त्यांच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रे बनविणाऱ्यांकडून प्रयोगशाळेने या शोधाचे स्वामित्वधन घेतले नाही. पुढे यंत्र कानामागे बसू लागले, मग कानातच मावू लागले, आणि १९९६ पासून संपूर्ण डिजिटल यंत्रे बाजारात आली. त्यांत प्रत्येक माणसाच्या कानाच्या तपासणीप्रमाणे उंच आणि खालचे सूर निरनिराळे वाढविता येतात. जुन्या पेटीत ही सोय बेताचीच होती. ती बोलण्याबरोबर भांड्यांचा खणखणाटही तितकाच मोठा करी.

आपल्या देशात म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था १९६५ साली निघाली. मुंबईस वांद्र्याला १९८३ साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिला महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच निधन पावलेल्या अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात, ज्याला अलिम्को म्हणतात, तयार झालेली यंत्रे शिबिरांतून खेड्यापाड्यांत आली.

आता दुसरा इतिहास. 'साठी बुद्धी नाठी' ही आपली म्हण. तिने फार नुकसान केले आहे असे माझे मत झाले आहे, कारण म्हातारपणी विसरणे हा रोग असू शकतो ही कल्पनाच ती मनात येऊ देत नाही. स्मृतिभ्रंश हा शब्द आपल्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे ठाऊक आहे, पण तेथे तो क्रोधाचा परिणाम म्हणून आला आहे, वयाचा नव्हे. रोग म्हणून त्याचा पाठपुरावा केला जर्मनीचे डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनी. फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ साली एक पन्नाशीची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नाव सांगता येई, पण लिहावयास सांगितले तर अर्ध्यावर विसरे. ती वारल्यावर तिचा मेंदू तपासून डॉक्टरांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी आपले निष्कर्ष मांडले. १९१० साली त्या रोगाला त्यांचे नाव मिळाले. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत साठीपुढील शेकडा ७.४ माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचे दिसले. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, आणि शहरांपेक्षा खेडी अधिक. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले, हत्तीमागे निघून जाणारे शास्त्रीबुवा आठवतील. पंडिताचीही ही गत होते. बुद्धी वापरली नाही म्हणून हे होते असे नव्हे.

हे दोन इतिहास जवळजवळ शतकभर एकमेकांकडे पाठ करून चालले. कानाचे डॉक्टर कान पाहत आणि मेंदूचे डॉक्टर मेंदू. १९८९ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंशाचे १०० रुग्ण आणि त्याच वयाची १०० निरोगी माणसे यांचे कान तपासून पाहिले, तेव्हा रुग्णांमध्ये बहिरेपण जास्त आढळले. २०११ साली फ्रँक लिन यांनी ६३९ माणसांवर अनेक वर्षे ठेवलेल्या नजरेचा निष्कर्ष सांगितला. थोडे कमी ऐकणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि फार बहिरेपणात पाचपट. असे का व्हावे? अर्धवट आलेले शब्द जुळविण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, हे एक कारण सांगतात. दुसरे कारण आपणा बायकांना सांगावयास नको. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी घरचे बोलेनासे होतात, तो कोपऱ्यात बसतो, आणि बोलणेचालणे तुटले की मन मंदावते. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली, त्यांत बहिरेपणाचा वाटा सुमारे ७ टक्के धरला आहे.

पण यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी दुकानदार सांगू लागला तर त्याचे सगळेच ऐकू नये. २०२३ साली अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ माणसांवर तीन वर्षे प्रयोग झाला. त्यांना आधी स्मृतिभ्रंश नव्हता. एकूण सर्वांचा हिशेब केला तर यंत्राने फरक पडला नाही. मात्र ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आणि ज्यांना स्मृतिभ्रंश झालेलाच आहे त्यांचे काय? आमच्या घरचा प्रश्न हाच होता. पिट्सबर्ग येथे कॅथरीन पामर यांनी १९९९ साली आठ रुग्णांना यंत्रे दिली. ते ती दिवसाकाठी चार ते तेरा तास वापरू लागले, आणि घरच्यांना त्रास देणारी एक ते चार वागणुकीची लक्षणे प्रत्येकात कमी झाली. आठ माणसे म्हणजे फार थोडी. युरोपातील पाच देशांत पुढे मोठा प्रयोग झाला, त्यात चष्मा आणि यंत्र दोन्ही देऊन घरी जाऊन मदत केली. २०२४ साली त्याचा निकाल आला. ३६ आठवड्यांनंतर रुग्णांच्या जीवनमानात ठळक फरक उरला नव्हता. तेव्हा यंत्राने गेलेली स्मृती परत येत नाही, हे आधी मनाशी धरावे.

आता आमच्या सासूबाईंविषयी लिहिते. त्या असत्या तर त्यांनी मला लिहू दिले नसते. भोवतालच्या चार घरांचे निरोप त्यांच्याकडून जात. सत्तरीनंतर त्यांची उत्तरे तिरपी येऊ लागली. "भात वाढू का?" म्हटले तर "धुतले की हात" म्हणत. आम्ही हसत असू, मुले तर मुद्दाम विचारीत. आज कळते की त्यात हसण्यासारखे काही नव्हते. म्हातारपणी उंच सूर आधी जातात, आणि स, श, ख, फ ही अक्षरे त्याच सुरांत असतात. सात, हात, भात, लाथ हे सगळे शब्द त्या कानाला जवळजवळ एकच. म्हणून म्हातारी माणसे "ऐकू येते गं, पण समजत नाही" म्हणतात, आणि आपण मोठ्याने ओरडतो. ओरडल्याने अक्षर स्पष्ट होत नाही, नुसता आवाज अंगावर येतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. त्यांना वाटे, सून सारखी खेकसते.

पुढे त्या खरोखरच विसरू लागल्या. देवाजवळ दोनदोनदा दिवा लावीत, वारलेल्या भावाची वाट पाहत. कोणते ऐकू न आल्यामुळे आणि कोणते आठवत नसल्यामुळे, हे आम्हाला वेगळे करता येईना. डॉक्टरांनाही ते सोपे नसते, कारण स्मृतीची परीक्षा तोंडी असते. तीन शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात. जे ऐकलेच नाहीत ते शब्द सांगणार कसे? अशा माणसांची बेरा नावाची तपासणी करता येते, तीत डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहतात, माणसाला उत्तर द्यावे लागत नाही. हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्या अवस्थेत एका शिबिरात त्यांना पेटीचे यंत्र मिळाले. रांग मोठी होती. पेटी हाती दिली, दोरी गळ्यात घातली, सही घेतली. कान तपासला नाही, यंत्र कसे लावावे ते कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर पंपाचा, कुकरच्या शिट्टीचा, नातवाच्या रडण्याचा आवाज एकदम कानात शिरला आणि त्यांनी ती पेटी ओढून फेकून दिली. आम्ही म्हणालो, त्यांना नको तर नको. ती पेटी तेव्हा फडताळात गेली. दोष एकट्या शिबिराचा नव्हता. आम्हीही दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाहिले नाही.

दोन वर्षांनी नाशिकला दुसऱ्याच कामासाठी गेलो असता कानाच्या डॉक्टरांनी आत पाहिले आणि दोन्ही कानांतून वाटाण्याएवढा मळ काढला. तेवढ्यानेच थोडा फरक पडला! मळ हा सर्वांत स्वस्त इलाज, आणि तोच आपण शेवटी करतो. (घरी पिन घालून मात्र नव्हे.) मग कानामागचे यंत्र घेतले. तेथल्या मुलीने अर्धा तास बसून मला शिकविले, सासूबाईंना नव्हे, मला. कारण लावणार मी, काढणार मी. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. पहिल्या आठवड्यात सकाळी तासभर, तेही घर शांत असताना, समोर एकच माणूस. यंत्र शीळ घालू लागले तर ते कानात नीट बसलेले नाही. बटणासारखी बॅटरी त्यांच्या हाती लागू द्यावयाची नाही, कारण विसरणारी माणसे ती गोळी समजून गिळतात. गिळली तर घरचे उपाय न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. यंत्राला दोरा बांधून तो पोलक्याला टाचून ठेवला, तरी ते एकदा तांदळाच्या डब्यात सापडले.

सुमारे तीन आठवड्यांनी दुपारी पत्र्यावर पाऊस आला. त्या माजघरात बसल्या होत्या. "पाऊस आला का गं? कांदा झाकला का?" असे त्यांनी विचारले. आपल्या विंचूर-लासलगावच्या बाईला पाऊस म्हटला की कांदाच आठवणार. पण कित्येक वर्षांत त्यांनी आपण होऊन काही विचारले नव्हते. भावाची वाट पाहणे थांबले नाही. नावे विसरणे वाढतच गेले. मात्र आंघोळीला नेताना घाबरून हात झटकणे कमी झाले, कारण मागून येणारी मी त्यांना आता ऐकू येत होते. शेवटच्या वर्षात यंत्र त्यांना नकोसे झाले, सारखे काढीत, तेव्हा आम्ही हट्ट सोडला. समोर बसून, तोंड उजेडात ठेवून, लहान वाक्ये बोलत असू. तेवढे त्यांना पुरे.

सरकारी मदतीविषयी थोडे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या वर कमतरता असेल तरच माणूस त्यात धरला जातो. म्हाताऱ्या माणसांपैकी पुष्कळांची कमतरता याच्या अलीकडची असते, म्हणजे भात आणि हात यांत गोंधळ होण्याइतकी खरी आणि प्रमाणपत्र मिळण्याइतकी नाही. वृद्धांसाठी केंद्राने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली, तीत गरजू ज्येष्ठांस काठी, चष्मा, कवळी यांबरोबर श्रवणयंत्रही आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ६५ वर्षांवरील गरजूंसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, तीत अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात देण्याची तरतूद केली. चांगल्या डिजिटल यंत्राला ही रक्कम पुरत नाही. शिवाय माझी तक्रार पैशाची नाहीच. वस्तू मिळते, पण ती लावावयास शिकविणारे आणि महिन्याने पुन्हा येऊन पाहणारे माणूस मिळत नाही.

या बाबतीत गोव्याचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथे डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नव्हेत, तर थोडे शिक्षण दिलेली तेथलीच माणसे घरोघर जाऊन सांभाळणाऱ्यांशी बोलत, रोग समजावून देत, अडचणी ऐकून घेत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. सांभाळणारे म्हणजे बहुतेक ठिकाणी सून, मुलगी किंवा बायको. आपल्या मंडळात शिवण आणि पापडाचे वर्ग झाले, भजनी मंडळ झाले. ज्या दोघीतिघींना यंत्र लावता-काढता येते त्यांनी दर महिन्याला चार घरी जाऊन बसावे, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. त्याला पैसा लागत नाही. विरोध झालाच तर "घरातल्या गोष्टी बाहेर कशाला" या मुद्द्यावर होईल, हेही मला ठाऊक आहे.

सासूबाई गेल्यावर त्यांचे यंत्र काय करावे असा प्रश्न होता. दुसऱ्याला तसेच देता येत नाही, कारण ते त्यांच्या कानाच्या मापाने लावलेले असते. पण तपासणी करून आवाजाची मांडणी बदलता येते आणि कानात बसणारा साचा नवा करून घेता येतो. तसे करून घेऊन ते आता आमच्या मागच्या आळीतल्या एका आजोबांच्या कानावर आहे. बुधवारी सकाळी त्याची बॅटरी मी बदलते.